रहस्यकादंबरीत अंधार किती आणि वेग किती?

आमच्या घरात एक भांडण अनेक वर्षे चालले. ते जमिनीचे नव्हते, पैशाचे नव्हते, पुस्तकाचे होते.

बाबा अकोल्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हमाली करीत. रात्री घरी येत तेव्हा केसांत, भुवयांत, कानांच्या पाळीवर रुईचे तंतू चिकटलेले असत. हातपाय धुऊन, भाकर खाऊन ते दिव्याखाली भिंतीला टेकून बसत आणि भाड्याने आणलेले पॉकेटबुक उघडीत. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण वाचायची गोडी अशी की अर्धा तास वाचल्याशिवाय झोप येत नसे. पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केले नाही तर आणखी एका दिवसाचे भाडे लागे. त्यामुळे एका रात्रीत जेवढे होईल तेवढे, आणि उरलेले सकाळी भोंगा व्हायच्या आत.

मोठी ताई अमरावतीला मास्तरकीच्या शिक्षणासाठी होती. सुटीत येताना ती वेगळी पुस्तके आणी. त्यांत जुना वाडा असे, बंद खोली असे, पाऊस थांबता थांबत नसे, आणि पंचवीस पानांपर्यंत कोणाला काही होत नसे. बाबांनी त्यातले एक वाचायला घेतले आणि सहाव्या पानावर ठेवून दिले.

"सा पानं झाले, आजून वाडाच दाखवून राह्यला हा. मानूस मरते कवा?"

ताई म्हणे, "बाबा, तुमाले तं पह्यल्याच पानावर मुडदा पायजे!"

आई दोघांवर हसे. पण वाचकहो, हे भांडण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. रहस्यकादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते आधी स्वतःशी भांडावे लागते. वातावरण किती रंगवायचे आणि कथा किती वेगाने पळवायची? एकाला जास्त दिले तर दुसऱ्याचे कमी होते. या दोहोंचा तोल कसा साधावा आणि तो चुकला तर काय होते, हे या लेखात पाहू. चुकल्याचा परिणाम फक्त कंटाळा एवढाच नसतो, हे शेवटी ध्यानात येईल.

बाबांची बाजू

मराठीत वेगवान रहस्यकथेचे घराघरांतले नाव म्हणजे बाबूराव अर्नाळकर. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ साली जन्मलेले बाबूराव १९९६ साली वारले. तोवर त्यांच्या नावावर हजारांहून अधिक रहस्यकथा जमा झाल्या होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसे गिरणगावापासून वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंत ओळखीची होती. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. सुहास शिरवळकरांचे (१९४८–२००३) दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन आले. बसस्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर, भाड्याच्या लायब्ररीत ही पुस्तके हातोहात जात.

या पुस्तकांना मोठ्या समीक्षकांनी फारसे जवळ केले नाही. पण ती कोणासाठी होती ते पाहिले पाहिजे. ज्याच्याकडे दिवसाकाठी अर्धा तास आहे, ज्याचे अंग दुखते आहे आणि ज्याला पुस्तक उद्या परत करायचे आहे, त्याच्यासाठी ती होती. अशा वाचकाला पहिल्या पानावर प्रश्न हवा असतो. कोण मेले, कोणी मारले, दार आतून बंद कसे? प्रकरण लहान हवे आणि त्याच्या शेवटी असा काही धक्का हवा की डोळे मिटत असले तरी पुढचे पान उलटावे. वेग ही या वाचकाची चैन नव्हती. ती त्याच्या वेळेची आणि पैशाची गरज होती.

गोष्टीतला वेग काही आजचा नाही. जातककथांतील महाउम्मग्ग जातकात महोसध पंडिताची एक न्यायकथा आहे. एकाच बाळावर दोन बाया हक्क सांगतात. त्यांतली खोटी प्रत्यक्षात यक्षिणी असते. महोसध जमिनीवर रेघ ओढतो, बाळ रेघेवर ठेवतो आणि दोघींना आपापल्या बाजूला ओढायला सांगतो. बाळ रडू लागते तशी एक जण हात सोडते. जिने सोडले तीच आई. या कथेत नदी नाही, चांदणे नाही, राजवाड्याचे वर्णन नाही. प्रश्न, कसोटी, उत्तर. तरी ऐकणारा श्वास रोखून ऐकतो. म्हणजे वातावरण मुळीच नसले तरी रहस्यकथा उभी राहू शकते, हे बाबांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

ताईची बाजू

दुसऱ्या बाजूला नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्यासारखे लेखक. यांच्या गोष्टी भयाच्या आणि गूढाच्या. त्या पोलिसी तपासाच्या नव्हेत. तिथे भीती हळूहळू साचत जाते. आधी घरातला वास, मग जिन्यावरचा आवाज, मग घरातले एखादे माणूस नेहमीसारखे बोलत नाही हे लक्षात येणे. घाई केली तर सगळे विस्कटते. धारपांच्या कथेचा आधार घेतलेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट २०१८ साली आला. तो पाहणाऱ्याच्या ध्यानात काय राहते? तो न थांबणारा पाऊस, तो पडका वाडा आणि माणसाची हाव. कथेतल्या घटना मोजल्या तर मूठभर भरतील.

ताईचे म्हणणे असे की, ज्या जागेची भीती वाटली नाही, तिथे मेलेल्या माणसाचे दुःखही वाटत नाही. पहिल्याच पानावर मुडदा पडला तर तो कोणाचा कोण. आपल्याला त्याचे काय? पण त्याचे घर पाहिले, त्याची खोकला दाबत बसायची सवय पाहिली, त्याच्या बायकोने ठेवलेला पाण्याचा तांब्या पाहिला आणि मग तो मेला, तर छातीत धस्स होते. हेही खोटे नाही.

मात्र भयकथा आणि रहस्यकथा यांत एक मोठा फरक आहे. भयकथेत अंधार शेवटपर्यंत अंधार राहिला तरी चालते. रहस्यकथेत चालत नाही. तिथे अंधार ही उधारी असते. लेखकाने सुरुवातीला घेतलेली ही उधारी शेवटच्या प्रकरणात कारणासह, पुराव्यासह फेडावीच लागते. भूत दाखवले असेल तर ते भूत नव्हते, काय होते, हे सांगावेच लागते.

वेग म्हणजे धावाधाव नव्हे

आपली पहिली चूक इथे होते. वेग म्हटला की आपल्याला मोटारीचा पाठलाग, पिस्तुलाचे बार, छपरावरून उड्या आठवतात. पण अगाथा ख्रिस्तीच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' (१९३४) या कादंबरीकडे पाहा. युरोपातली लांब पल्ल्याची गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते. गाडी हलत नाही. डब्यात खून झालेला आहे. बाहेरून कोणी आत आले नसावे, आतून कोणी पळून जाऊ शकत नाही. हर्क्युल पायरो एकेका प्रवाशाला बोलावतो आणि प्रश्न विचारतो. पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे बसून केलेली विचारपूस. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. का? कारण दर चार पानांनी एक उत्तर मिळते आणि त्यातून नवा प्रश्न निघतो. गाडी थांबली म्हणूनच गोष्ट धावते.

म्हणजे वेग पायांत नसतो, प्रश्नात असतो. वाचकाला पुढचे काय जाणून घ्यायचे आहे ते ठाऊक असेल, तर तो बर्फाचे वर्णनही भरभर वाचतो. ते ठाऊक नसेल, तर मोटारींचा पाठलागही त्याला रेंगाळलेला वाटतो.

आपल्याकडची शकुंतला गाडी आठवा. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ अशी ती अरुंद रुळांची गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती बंद आहे. पण जुन्या माणसांना तिची चाल ठाऊक आहे. अशा गाडीत रहस्यकथा घातली तर लेखकाने तिला उगाच पळवू नये. तिची संथ चालच कामाला येईल. एवढ्या हळू गाडीतून एखादा माणूस दोन स्थानकांच्या मध्ये उतरून, शेतातून आडवा जाऊन पुढच्या स्थानकावर पुन्हा चढू शकतो काय? हा प्रश्न पडला की गाडीचा संथपणा हे नुसते वर्णन राहत नाही. तोच तपासाचा धागा होतो.

अंधार पुरावा झाला पाहिजे

(ज्यांनी पुढील कादंबरी वाचलेली नाही आणि वाचायची आहे, त्यांनी हा भाग सोडून पुढे जावे, रहस्य सांगितल्याशिवाय मुद्दा पटवता येत नाही.)

वातावरण आणि वेग यांचा तोल कसा असावा याचे उत्तम उदाहरण म्हणजे आर्थर कॉनन डॉयलची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. ती इंग्लंडात 'स्ट्रँड' मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी क्रमशः छापली गेली. ओसाड माळरान, धुके, माणूस गिळणारी दलदल, रात्री येणारे कुत्र्याचे रडणे आणि घराण्याला लागलेला सैतानी कुत्र्याचा शाप. इतके दाट वातावरण असूनही कथा अडत नाही. का अडत नाही ते पाहू.

पहिली गोष्ट, शेरलॉक होम्स मधल्या कितीतरी प्रकरणांत दिसतच नाही. डॉक्टर वॉटसन एकटा तिथे असतो आणि जे दिसेल ते कळवत राहतो. हुशार माणूस जवळ नाही म्हणून वाचक स्वतः विचार करू लागतो आणि भीतीही वाढते.

दुसरी गोष्ट, भीतीच्या ढिगात एक क्षुल्लक वस्तू टाकलेली आहे. सर हेन्री लंडनच्या हॉटेलात उतरले असताना त्यांचा एक बूट चोरीला जातो. तो कोरा असतो. मग जुना, वापरलेला बूट नाहीसा होतो आणि कोरा परत मिळतो. वाचकाला वाटते, ही गंमत असेल. होम्सला कळते की इथे भूत नाही. भुताला बूट लागत नाही. खऱ्या कुत्र्याला माग काढायला माणसाचा वास लागतो, आणि कोऱ्या बुटाला वास नसतो. जो कुत्रा रात्री ज्वाळा ओकताना दिसतो, त्याच्या तोंडाला स्फुरद लावलेले असते. शाप मालमत्तेच्या लोभाने रचलेला असतो.

पाहा, धुके नसते तर चमकणारा कुत्रा भुतासारखा वाटला नसता. दलदल नसती तर गुन्हेगाराला कुत्रा लपवायला जागा नसती. म्हणजे धुके आणि दलदल ही केवळ शोभा नाही. ती गुन्ह्याची हत्यारे आहेत. वातावरण आणि तपास एकच झाले, म्हणून तोल आपोआप साधला. आणि वाचकाच्या मनातली भुताची भीती शेवटी एका बुटाने काढली. विवेकाची शिकवण देणारे एक व्याख्यान ऐकावे, तसा हा शेवट आहे. फरक इतकाच की लेखकाने व्याख्यान दिलेले नाही.

अंधार कोणावर पाडायचा?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ.

एके वर्षी बाबांच्या कारखान्यात सरकीची पोती कमी भरली. मोजदाद कोणी केली नाही, वजनकाट्याची वही कोणी पाहिली नाही. रात्रपाळीच्या चार हमालांना चौकीवर नेऊन बसवले. त्यांत बाबा होते. सकाळी सोडून दिले. पोती कुठे गेली ते कळले नाही. म्हणजे आम्हाला कोणी कळवले नाही. घरी आल्यावर बाबा काही बोलले नाहीत, कामाला गेले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी एक रहस्यकादंबरी आणली. चांगली वेगवान होती, त्यांच्या आवडीची. नायक गुन्हेगाराच्या मागावर एका झोपडपट्टीत शिरतो. अंधाऱ्या गल्ल्या, दारूचा वास, लाल डोळ्यांची माणसे. दोन ओळींत लेखकाने सांगून टाकले की इथे राहणारा प्रत्येक जण चोर आहे. बाबांनी पुस्तक मिटले आणि दुसऱ्या दिवशी अर्धे वाचलेले परत केले. ताई घरी होती. तिने विचारले, बाबा, गती तर चांगली होती ना? तेव्हा ते म्हणाले,

"घाईत चोर नाई सापडत, बाई. घाईत गरीब सापडते."

ते वाक्य मी विसरलो नाही. वेगाचा खरा धोका त्यात आहे. लेखकाला पुढे पळायचे असते. पुरावा मांडायला पाने लागतात, माणूस उभा करायला पाने लागतात. पाने वाचवायची तर तो वाचकाच्या मनात आधीच असलेला संशय वापरतो. वस्ती म्हटली की गुन्हेगार, पारधी म्हटला की दरोडा, नोकर म्हटला की चोरी. वातावरणाच्या दोन ओळींत एका सबंध समाजावर आरोपपत्र दाखल होते, आणि त्याला वकीलही मिळत नाही.

हे कागदावरच घडले असते तर सोडून दिले असते. पण इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. पुढे त्यांची नोंद, हजेरी, जाण्या-येण्यावर बंधन असे सगळे आले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; म्हणून भटके-विमुक्त बांधव तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९८८) ज्यांनी वाचले त्यांना ठाऊक आहे की, कुठेही चोरी झाली की ज्याच्या दारावर काठी आपटते, त्याच्यासाठी 'चोर कोण?' हा करमणुकीचा प्रश्न नसतो. आपल्या अमरावती-अकोला भागातल्या पारधी बेड्यांनाही हे सांगायला नको.

उलट चांगल्या रहस्यकथेने हाच संशय उघडा पाडल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याची १८४१ सालची 'द मर्डर्स इन द र्‍यू मॉर्ग' ही कथा आधुनिक तपासकथेची सुरुवात मानली जाते. बंद खोलीतून आलेला चिरका आवाज अनेक साक्षीदारांनी ऐकलेला असतो. प्रत्येक जण सांगतो की ती परक्याची भाषा होती. आणि प्रत्येक जण अशाच भाषेचे नाव घेतो जी त्याला स्वतःला येत नाही. तपास करणारा द्युपाँ यातूनच ओळखतो की ती कोणाचीच भाषा नव्हती. जे समजत नाही ते परक्याच्या माथी मारायची माणसाची खोड त्याने पुरावा म्हणून वापरली.

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही कादंबरी तर १८६८ साली चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात जानेवारी ते ऑगस्ट अशी छापली जात होती. १७९९ सालच्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने पळवलेला हिंदुस्थानचा हिरा पुढे इंग्लंडातल्या एका घरातून चोरीला जातो. लगेच संशय कोणावर? घराभोवती फिरणाऱ्या तीन हिंदी माणसांवर, आणि पूर्वी एकदा चोरीत सापडलेल्या रोझाना नावाच्या मोलकरणीवर. समुद्रकाठच्या रुतत्या वाळूचे वर्णन कॉलिन्स सावकाश करतो आणि त्याच वाळूत एक मोठा पुरावा पुरलेला निघतो. शेवटी तो हिरा लाटणारा कोण निघतो? धर्मादाय सभा गाजवणारा, बायाबापड्यांना पूज्य वाटणारा इभ्रतदार गृहस्थ. दर आठवड्याला वाचकाला ताटकळत ठेवायचे म्हणून वेग होताच. पण लेखकाने पुरावा गोळा करायला वेळ घेतला, म्हणून संशय गरिबाच्या दारातून उठून खऱ्या घरापर्यंत गेला.

आता ध्यानात येईल की तोलाचा हा प्रश्न फक्त रंगतीचा नाही. पुरेसा वेळ घेतला नाही तर न्याय होत नाही, कथेतही आणि चौकीतही. आणि नुसता अंधारच वाढवला तर संशय वाढतो, ज्ञान वाढत नाही.

वऱ्हाडात रहस्य घडले तर

आपल्या भागातले तरुण-तरुणी कधी रहस्यकथा लिहायला बसले तर पहिल्या ओळीत धुके आणि समुद्र घालतात. हे उसने वातावरण कशाला? आपल्या जमिनीत काय कमी आहे?

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारट. एखादा अनोळखी माणूस सांगतो की, मी त्या पट्ट्यातल्या गावी मामाच्या विहिरीचे गोड पाणी पिऊन लहानाचा मोठा झालो. ऐकणारी म्हातारी काही बोलत नाही. पण तिला कळले की हा खोटे बोलतो. पाण्याचे एक वाक्य, आणि त्यातच तपास.

आपली काळी माती पावसात बुटाला अशी धरते की पाय उचलत नाही, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उन्हाळ्यात भेगेत पडलेली वस्तू कुठे गेली ते कोणाला कळणार नाही. नांगर फिरल्यावर मात्र ती वर येऊ शकते. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते. जिनात सरकी वेगळी, रुई वेगळी होते; रुई दाबून १७० किलोच्या आसपास एकेक गाठ बांधली जाते. रात्रभर जिनात होतो असे सांगणाऱ्या माणसाच्या केसांत रुईचा एक तंतू नसेल, तर तो तिथे नव्हता. बाबांच्या भुवया पाहत मोठ्या झालेल्या पोरीला हे सांगायला शेरलॉक होम्स लागत नाही.

धुकेच हवे असेल तर पावसाळ्यात चिखलदऱ्याला जावे. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने घेतलेला गाविलगड तिथे जवळच आहे, आणि सभोवार मेळघाटचे जंगल. पण तिथला कोरकू माणूस कथेत केवळ कुऱ्हाड घेतलेली सावली म्हणून आला, तर पुन्हा तीच चूक झाली. जंगलाची वाट त्यालाच ठाऊक असते. तपास त्याच्या तोंडून पुढे जाऊ द्या.

चार कसोट्या

लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीही या चार कसोट्या लावून पाहाव्यात.

१. वर्णनाचा एक परिच्छेद झाका. तो नसताना रहस्याची उकल तशीच उभी राहते काय, आणि माणसेही तेवढीच जिवंत वाटतात काय? तसे असेल तर तो परिच्छेद काढावा. उकल किंवा माणूस यांपैकी काही ढासळले तर ठेवावा.

२. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाच्या मनात कोणता प्रश्न आहे तो एका ओळीत लिहावा. ओळ लिहिता आली नाही तर प्रकरण रेंगाळले आहे, मग त्यात दहा गोळ्या सुटल्या असल्या तरी.

३. मोठ्या धक्क्यानंतर वाचकाला थोडा श्वास घेऊ द्यावा. चहा होऊ द्यावा, पाऊस पडू द्यावा. तिथेच एखादी क्षुल्लक वाटणारी खूण ठेवावी. बेसावध वाचकासमोर ठेवलेली खूण शेवटी सर्वांत जास्त आनंद देते.

४. संशय कोणावर जातो ते पाहावे आणि स्वतःला विचारावे: हा संशय पुराव्याने आला की अंधाराने? अंधाराने आला असेल तर लेखकाने शेवटी त्याचा जाब दिला पाहिजे.

बाबा आणि ताई यांच्या भांडणाचा निकाल काय लागला? एकदा ताईने बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट रोज रात्री थोडी थोडी मोठ्याने वाचून दाखवली. पाच रात्री लागल्या. धुक्याच्या वर्णनाला बाबांनी एकदाही कुरकुर केली नाही. तिसऱ्या रात्री ते म्हणाले, "तो बूट कायले नेला आसन?" आणि मग दुसऱ्या दिवशी कामावर पोती उचलताना त्याच विचारात होते, असे त्यांनीच सांगितले.

घरात मुले असतील तर येत्या रविवारी हा खेळ खेळून पाहा. कोणतीही रहस्यकथा घ्या आणि एकाने मोठ्याने वाचा. अर्ध्यावर पुस्तक मिटा. घरातल्या प्रत्येकाने, आजीनेसुद्धा, चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: आपला संशय कोणावर, आणि का. ज्याला लिहिता येत नाही त्याचे दुसऱ्याने लिहून घ्यावे. मग पुस्तक पूर्ण करा आणि चिठ्ठ्या उघडा. कोणाचे नाव बरोबर आले हे आधी पाहू नका. 'का' याच्यापुढे काय लिहिले आहे ते आधी पाहा.